बाद झालेल्या गड्याचे काय?

आमची सारी हयात अर्ज लिहिण्यात गेली. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे कारकुनी केली आणि 'माननीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंतचा प्रवास इतक्या वेळा केला की, झोपेतही तो चुकला नसता. निवृत्तीनंतरही ही विद्या वाया गेली नाही. भायखळ्यातील आमच्या इमारतीत कोणाला रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायचे असो, की कोणाला पाण्याच्या नळाविषयी तक्रार करायची असो, मंडळी कागद घेऊन आमचेच दार ठोठावतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमचा नातू हातात कागदांची चळत घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, एक प्रस्ताव लिहिलाय. जरा बघता का?" तेव्हा आम्हांस विशेष आश्चर्य वाटले नाही. महाविद्यालयाच्या फीमाफीचा वगैरे अर्ज असावा, असे समजून आम्ही चष्मा पुसला.

अर्ज फीमाफीचा नव्हता. संगणकावरील एका खेळात लढाई सुरू करण्याची परवानगी मागणारा तो अर्ज होता!

वाचकहो, आमच्या वयाच्या मंडळींसाठी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. हा खेळ काल्पनिक वसाहतीचा आहे. पडद्यावर एक दरी दिसते. दरीत नदी, नदीकाठी रान. खेळणाऱ्याने तिथे गाव वसवायचे. शेते नांगरायची, विहिरी खोदायच्या, गिरणी बांधायची, कोठारे भरायची. माणसांबरोबर तिथे बुटके जादूगार आहेत, बोलणारी झाडे आहेत, उडणारे बैलही आहेत. खऱ्या जगाचा कारभार कसा चालतो याची नक्कल करणाऱ्या अशा खेळांना 'सिम्युलेशन' म्हणतात आणि त्यात परीकथा मिसळली की ते 'फँटसी' होते. आमचा नातू गेली पाच वर्षे हे गाव वसवीत आहे. त्याच्या कोठारात इतके धान्य आहे की, ते पाहून आमच्या कोपऱ्यावरील रेशनच्या दुकानदाराने तोंडात बोट घालावे.

आता या सुखी गावात 'सर्व्हायव्हल मोड' असावा, अशी त्याची मागणी होती. 'मोड' म्हणजे खेळण्याची रीत. पत्त्यांचा जोड एकच असतो. पण त्यावर आपण रमीही खेळतो आणि बदामसातही खेळतो. त्याचप्रमाणे गाव तेच, माणसे तीच. पण या नव्या रीतीत रात्र पडली की रानातून राक्षस येतील, गावावर लाटांमागून लाटा चालून येतील आणि शेवटपर्यंत तग धरील तो जिंकेल. शांतपणे खेळू इच्छिणाऱ्यांसाठी जुनी रीत तशीच राहील. प्रस्ताव नऊ पानांचा होता, इंग्रजीत होता आणि, आमच्या कारकुनी दृष्टीनेही, नीट कलमवार लिहिलेला होता.

आम्ही पहिलाच आक्षेप घेतला. "अरे बाळा, जगात आहे तेवढी मारामारी पुरे नाही का? हे एक गाव तरी सुखात नांदू दे की."

त्याने आमच्याकडे पाहिले, पडद्यावरील गावाच्या कडेला बोट ठेवले आणि म्हणाला, "आजोबा, ही भिंत मी तीन महिने बांधली. पण ती कशासाठी आहे? कोणी येतच नाही. कोठार भरले आहे. पण कोणाला भूकच लागत नाही. दवाखाना बांधला; पण कोणी आजारीच पडत नाही. मग ते सगळे नुसते चित्र झाले ना?"

या प्रश्नापुढे आमची छत्तीस वर्षांची टिपणे थिटी पडली. पुढे त्याने आम्हांस सांगितले की, हा मार्ग त्याच्या आधीही चोखाळला गेला आहे. 'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचण्याचा खेळ मार्कस पर्सन नावाच्या एका स्वीडिश तरुणाने २००९ सालच्या मे महिन्यात लोकांपुढे ठेवला. आरंभी त्यात केवळ रचायचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने जीव वाचविण्याची रीत प्रायोगिक स्वरूपात आणली. मग भूक आली, दहा बदामांत मोजलेला जीव आला, वीस मिनिटांचे दिवसरात्रीचे चक्र आले आणि रात्री हिंडणारी भुतेही आली. संध्याकाळ होण्यापूर्वी डोक्यावर छप्पर हवे, हे कळल्याबरोबर त्या ठोकळ्यांना घरपण आले. भीती आली म्हणून भिंतीला अर्थ आला. ही गोष्ट आम्हांस पटली. भायखळ्याच्या माणसाला ती पटावी असा इतिहासही आहे.

त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही नातवाला घेऊन माझगावच्या टेकडीवर गेलो. डॉकयार्ड रोड स्थानकाच्या डोक्यावर भंडारवाड्याच्या उंचवट्यावर जे उद्यान आहे, त्याला जोसेफ काका बॅप्टिस्टांचे नाव आहे. म्हातारपाखाडीत १८६४ साली जन्मलेला हा आपल्यातला माणूस लोकमान्यांचा सहकारी होता, १९१६ साली होमरूल लीगचा अध्यक्ष होता आणि १९२५ साली मुंबईचा महापौर झाला. नातवाला हे सांगितले; पण आम्हांस दाखवायचे होते ते याहून जुने होते. याच टेकडीवर इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. १६८९ च्या एप्रिलात जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, त्याने माझगाव घेतले, माहीम घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडले. हा वेढा वर्षाहून अधिक काळ चालला. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी परत गेला, तो माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करूनच.

"म्हणजे इंग्रज जिंकले?" नातवाने विचारले.

"छे! औरंगजेबाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला. तेव्हा कुठे सुटका झाली."

तो बराच वेळ गोदीतील उभ्या जहाजांकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढून काहीतरी टिपून घेतले. घरी आल्यावर पाहिले, तर प्रस्तावात एक कलम वाढले होते: प्रत्येक लाटेपूर्वी शत्रूकडे दूत पाठविण्याची सोय असावी, धान्य देऊन एक रात्र विकत घेता यावी. तग धरण्यात तहालाही जागा असते, हे त्या टेकडीने त्याला शिकविले. आम्हांस बरे वाटले. आम्ही उत्साहाने पुढली पाने वाचू लागलो आणि सहाव्या पानावर अडखळलो.

सहाव्या पानावर मरणाचे कलम होते. 'प्रत्येकास एकच जीव. पडलेली व्यक्ती कायमची जाईल. तिला परत आणण्याचा कोणताही उपाय असू नये.' इंग्रजीतील 'कोणताही' या अर्थाच्या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली होती.

आम्ही म्हणालो, "हे फार कठोर आहे. तुझ्याच त्या खेळांमध्ये मेलेली माणसे पुनःपुन्हा उठतात, असे आम्ही पाहिले आहे. आमच्या तरुणपणी इराण्याच्या हॉटेलाशेजारी यंत्रे असायची; त्यातही नाणे टाकले की तीन जीव मिळत."

"म्हणूनच नको," तो म्हणाला. "फुकट जीव मिळाला की कोणी कोणाला सांभाळत नाही. मेला तर मेला; उठेल परत. खरे असे असते का?"

"खरे तसे नसते. पण हा खेळ आहे."

"आजी उठली नाही," तो म्हणाला आणि कागद उचलून आत निघून गेला.

येथे आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. २०२० सालच्या मे महिन्यात आमच्या सौभाग्यवतींना देवाज्ञा झाली. त्या दिवसांत भायखळ्यात एकामागून एक इमारती बंद होत होत्या, जिन्याच्या तोंडाशी बांबू बांधलेले असत आणि रस्त्यावर रुग्णवाहिकांखेरीज आवाज नसे. त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा नातू अकरा वर्षांचा होता. खिडकीच्या गजांतून त्याने हात हलविला. त्यांनी खाली उभे राहून 'जेवून घे' अशी खूण केली. त्यानंतर त्याने आजीला पाहिले नाही. दफनाच्या वेळी आम्ही मोजून चार माणसे होतो. मुलांना आणण्याची मुभा नव्हती. तो घरीच होता. त्याच आठवड्यात, मोठ्यांना रडण्यातून सवड नसताना, त्याने बापाच्या जुन्या संगणकावर ते गाव वसविण्यास सुरुवात केली होती. ही गोष्ट आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हती. किंबहुना आम्ही सूनबाईंना म्हणालो होतो, "मुलगा खेळात रमला आहे, बरे झाले. लहान मुले लवकर विसरतात."

पाच वर्षांनी सहाव्या पानावरची ती दोनदा ओढलेली रेघ पाहून आमचे शब्द आमच्याच गळ्यात अडकले.

पाचवे पानही आम्ही तेव्हा पुन्हा वाचले. पहिल्या सहा रात्री राक्षसांच्या होत्या. सातव्या रात्री मात्र कोणीच चालून येत नाही. दुसऱ्या दिवशी गावातील एक म्हातारी खोकू लागते. तलवार, भिंत, तटावरचे भाले यांचा काडीचा उपयोग नसतो. ही लाट त्याने का घातली, हे आता निराळे विचारण्याची गरज नव्हती. भायखळ्याने असा शत्रू पूर्वीही पाहिला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ येथल्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. ज्या लढाईत शत्रू दिसत नाही, तिथे पहिला घाव कोणीतरी आपल्याच अंगावर घ्यावा लागतो.

दोन दिवस आम्ही आणि नातू त्या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रात्री तो दूरचित्रवाणीवर कबड्डीचा सामना पाहत बसला होता. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून आमच्या घरी 'यू मुंबा' हा घरचाच संघ आहे. चढाई करणाऱ्या गड्याने पलीकडचे दोघे टिपले, आणि बाहेर बसलेले आपले दोन गडी उठून आत आले. आमच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. आम्ही म्हणालो, "बाळा, तुझ्या सहाव्या पानावरचा वाद आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे."

हे आम्ही त्याला समजावून सांगितले; तेच येथेही सांगतो. आज जिला आपण कबड्डी म्हणतो ती आमच्या लहानपणी हुतूतू होती, आणि तिच्या तीन रीती होत्या. पहिली गामिनी. तीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. एकेक करीत एका बाजूचे सगळे गेले की डाव संपला. दुसरी अमर. तीत कोणी बाहेर जातच नसे. बाद झाला तर समोरच्यांना एक गुण मिळे आणि गडी तिथेच खेळत राही. तिसरी संजीवनी. तीत गडी बाद होऊन बाहेर बसतो. पण आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की बाहेरचा एक पुन्हा जिवंत होतो. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली स्पर्धा भरवून खेळाला नियमांची शिस्त लावली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. या साऱ्या प्रवासात तीन रीतींपैकी टिकली ती संजीवनी.

"तुझा खेळ गामिनी आहे," आम्ही म्हणालो. "आणि नाण्याला तीन जीव देणारी ती यंत्रे म्हणजे अमर. अमर रीतीत बाद होण्याची भीती नाही. म्हणून कोणी कोणाला सांभाळत नाही, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण गामिनीत काय होते ठाऊक आहे? जो गेला त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कारण त्याच्यासाठी करण्याजोगे काही उरलेलेच नसते. आत उरलेला प्रत्येकजण आपापला जीव तेवढा जपतो."

"आणि संजीवनीत?"

संजीवनीत काय होते, हे आम्ही अंगावर अनुभवले आहे. साल बहुधा १९६७ असावे. लालबाग-परळच्या गिरण्या तेव्हा तिन्ही पाळ्यांत चालत, आणि संध्याकाळी मातीची मैदाने पाणी मारून तयार असत. अशाच एका मैदानावर आमच्या मंडळाचे सहा गडी बाद झाले होते. त्यांत पहिला बाद झालेला गडी म्हणजे आम्हीच. आत एकटा उरला होता तो एका गिरणी कामगाराचा शेलाटा मुलगा. तोही गेला असता तर लोण चढला असता. त्याने दम घेतला, पलीकडे गेला आणि घाई न करता, कोपऱ्यातल्या गड्याला पायाच्या बोटाने निसटता स्पर्श करून परतला. सारे मैदान 'एक गडी जिवंत' म्हणून ओरडले. जो आधी बाद झाला तो आधी उठतो, हा नियम. म्हणून आम्ही उठलो. रेषेच्या आत पाऊल टाकताना आम्हांस जे वाटले ते शब्दांत सांगता येत नाही. आम्ही स्वतःच्या बळावर उठलो नव्हतो. दुसऱ्या कोणीतरी आपला दम पणाला लावला होता. तो सामना आम्ही हरलो. पण त्या मुलाचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे.

नातू ऐकत होता. मग म्हणाला, "पण आजोबा, त्यालाही बाद होण्याची भीती होतीच."

"होतीच. म्हणूनच त्या उठण्याला किंमत होती."

त्या रात्री त्याच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी सहावे पान नवे होते. पडलेल्या गावकऱ्याने पुढील पहाटेपर्यंत जागेवरच राहावे. कोणी त्याच्यापर्यंत पोहोचून आपल्या जिवाचा अर्धा हिस्सा दिला तर तो उठेल. देणाऱ्याला मात्र ती रात्र अर्ध्या जिवाने काढावी लागेल. पहाटेपर्यंत कोणी पोहोचले नाही तर तो गेला. फुकटचा जीव कोणाला नाही. आणि जिंकण्याचे कलमही बदलले होते. पूर्वी 'शेवटपर्यंत उरेल तो विजयी' असे होते. आता 'सातव्या रात्रीनंतर गावात किती माणसे उरली' यावर गुण होते.

हा शेवटचा बदल आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्या घरांतून मुले जे लढाईचे खेळ खेळतात त्यांतील पुष्कळ खेळ 'उरेल एक' या तत्त्वावर उभे आहेत. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात आणि नव्व्याण्णव जण मेल्यावर एक जिंकतो, असा 'पबजी' हा खेळ २०१७ साली आला. आपल्याकडे त्याने मुलांना वेड लावले आणि २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव त्यावर बंदी घातली. आपल्या पुण्यातील एका कंपनीने २०२४ सालच्या ऑक्टोबरात 'इंडस' नावाचा त्याच जातीचा खेळ आणला. त्यात इतर सर्वांना न संपवताही, शेवटी प्रकटणारे एक दिव्य खनिज ताब्यात घेऊन जिंकता येते. म्हणजे 'उरेल एक' हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. तो माणसांनी लिहिला आहे आणि माणसांना तो बदलता येतो. माइनक्राफ्टमध्येही २०१९ पासून लुटारू गावावर चालून येतात, तेव्हा गावातली घंटा वाजविली की गावकरी घरांत शिरतात, आणि लुटारू हटल्यावर जो गावकऱ्यांना वाचवितो तो गावाचा नायक ठरतो. हे ऐकून आम्हांस आमच्या ग्लोरिया चर्चची घंटा आठवली. माझगावातील जुने देऊळ पाडले गेल्यावर १९१३ साली ते भायखळ्यात नव्याने उभे राहिले; तेही एका अर्थी बाद होऊन उठलेलेच.

एवढे झाल्यावर आम्हांस वाटले, काम संपले. आम्ही कारकुनी सवयीने 'वरीलप्रमाणे मान्य' असे म्हणणार, तोच नातू म्हणाला, "सातव्या रात्रीचे कलम मात्र बदलणार नाही. आजाराने गेलेली म्हातारी परत येणार नाही. अर्धा जीव दिला तरी नाही."

आम्ही काही बोललो नाही. रुग्णालयाच्या दारात आम्हीही आमचा अर्धा जीव द्यावयास उभे होतो. कोणी घेतला नाही. त्याचे कलम खरे होते.

"पण त्याखाली एक पोटकलम घातले आहे," तो म्हणाला आणि वाचून दाखवू लागला. गावातील प्रत्येक वृद्धाला एक कसब येते: कोणाला औषधी पाला ओळखता येतो, कोणाला भट्टी लावता येते, कोणाला भाकरी. त्यांच्याजवळ बसून शिकण्यास खेळणाऱ्याचा दिवस खर्ची पडतो. त्या दिवशी भिंत वाढत नाही, धान्य येत नाही. पण ज्याने शिकून घेतले त्याच्याकडे ते कसब म्हातारी गेल्यावरही राहते. कोणीच शिकले नाही तर ते गावातून कायमचे जाते.

वाचकहो, या पोटकलमाचा उगम आम्हांला ठाऊक आहे. २०२० च्या नाताळात आमच्या घरी फुगे झाले नाहीत. मैदा, अंडी, नारळाचे दूध सारे आणले होते. पण पीठ किती सैल ठेवायचे, किती वेळ फुगू द्यायचे आणि मुठीतून अंगठ्याशी गोळा कसा काढायचा, हे कोणालाच सांगता येईना. सूनबाईंनी प्रयत्न केला. तेलात पडले ते गोळे दगडासारखे निघाले. पस्तीस नाताळ ते फुगे आम्ही खाल्ले. एकदाही पिठाच्या परातीजवळ जाऊन उभे राहिलो नाही. आम्ही भिंत बांधीत होतो, कोठार भरीत होतो. शिकण्याचा दिवस आम्ही कधी खर्च केला नाही.

प्रस्ताव ऑगस्टच्या अखेरीस गेला. आम्ही फक्त दोन ठिकाणी भाषा सुधारली आणि शेवटी 'आपला विश्वासू' घाला असे सुचविले. ते त्याने हसून नाकारले. 'आपली सूचना मिळाली' असे यंत्राने पाठविलेले दोन ओळींचे उत्तर त्याच रात्री आले. त्यानंतर आजतागायत काही नाही. आमच्या अर्जांनाही आयुष्यभर असेच उत्तर मिळत आले असल्याने आम्ही त्याला धीर देऊ लागलो, तर तोच म्हणाला, "नाही घेतला तर मीच शिकून बनवीन. नियम तर तयार आहेत."

गेल्या नाताळापूर्वी त्याने एक दिवस खर्च केला. आमच्या मेव्हणीबाई वसईला असतात. त्या आणि आमच्या सौभाग्यवती एकाच आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. सकाळच्या गाडीने नातू तिकडे गेला. परातीजवळ बसला. वजने लिहून घेतली, पीठ फुगण्यास लागलेली मिनिटे लिहून घेतली, आणि अंगठ्याशी गोळा काढण्याची युक्ती लिहिता येईना म्हणून ती संध्याकाळपर्यंत करीत राहिला. रात्री घरी आला तेव्हा डब्यात फुगे होते. काही वाकडे, काही करपलेले. आम्ही एक तोंडात घातला. तो आमच्या सौभाग्यवतींच्या हातचा नव्हता. पण त्याच घरातला होता.

आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात बसून असे गाव राखीत असेल. 'पुरे कर तो खेळ' असे म्हणण्यापूर्वी एकदा शेजारी बसावे आणि विचारावे: "बाळा, तुझ्या खेळात बाद झालेल्या गड्याचे काय होते?" उत्तर ऐकण्यास थोडा वेळ द्यावा. आम्हांस ते ऐकण्यास पाच वर्षे लागली.